गेजमध्ये न बसलेलं गवत

मला गवतातलं कळतं. हे वाक्य उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं त्याची मला आता सवय झाली आहे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनने तर, "मग आपलं लॉन बघाल का मॅडम?" असं विचारलं होतं. थेरगावात डांगे चौकाच्या मागे आमची इमारत आहे. तिथे इंजिनिअर पोत्याने आहेत, डॉक्टर आहेत, एक सीएसुद्धा आहे, आणि त्यांतल्या एकालाही हरळी आणि लव्हाळा वेगळा सांगता येत नाही. लव्हाळा तर गवतसुद्धा नव्हे. त्याचं खोड चिमटीत धरून फिरवलं की तीन कडा लागतात, गवताचं खोड गोल असतं. एवढं बोटालाही कळतं, पण त्यासाठी बोट मोबाइलवरून उचलावं लागतं.

मी चिंचवडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. म्हणजे बारावीला मार्क कमी पडले म्हणून आमच्याकडे आलेल्या पोरांसमोर उभी राहत होते. सहकारी त्या पोरांच्या वरताण. मोठं, रंगीत फूल दिसलं तर ह्यांना झाड ओळखू येणार, आणि गवताला फूल येतं हे निम्म्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात प्राचार्यांनी माझा 'गवतवाल्या मॅडम' असा गौरव केला. तो गुच्छ मी रिक्षात ठेवून आले, मुद्दाम.

मागच्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, चाकणच्या एका कंपनीतून फोन आला. कंपनीचं नाव सांगत नाही, ब्रेकचे भाग बनवतात एवढं पुरे. फोनवर निरंजन नावाचे गृहस्थ होते, क्वालिटीचे प्रमुख. म्हणाले, "विजयश्री मॅडम, आमच्या कॅम्पसमध्ये एक वेटलँड आहे. त्यात फॉरेनचं गवत कुठलं आणि देशी कुठलं ते आम्हाला ओळखून हवंय. फॉरेनचं काढून टाकायचंय. हेड ऑफिसचं ऑडिट आहे."

वेटलँड म्हणजे तळं. कंपनीने जमिनी घेतल्या तेव्हा गावाचं तळंही कुंपणाच्या आत गेलं. तिथे आधी पार्किंग होणार होतं, पण मधल्या काळात कंपन्यांना पर्यावरणाची हौस आली आणि तळं बचावलं. बचावलं म्हणजे त्यात कँटीनचं सांडपाणी सोडलं, काठाला पिवळा-काळा रंग दिला आणि 'शांतता राखा' अशी पाटी लावली. शांतता कोणासाठी राखायची ते लिहिलेलं नव्हतं.

थेरगावहून चाकणला जायचं म्हणजे अर्धा जन्म नाशिक फाट्याला आणि उरलेला चाकणच्या चौकात घालवायचा. तेवढं करून मी गेटवर पोचले तर तिथे मला सुरक्षेचा व्हिडिओ बघायला बसवलं. मग हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट. मी विचारलं, "तळ्यावर हेल्मेट कशाला? डोक्यात गवत पडेल म्हणून?" वॉचमन म्हणाला, "नियम हाय मॅडम."

त्याच बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरवं नऊवारी लुगडं, पायांत तेच काळे बूट आणि डोक्यावरच्या पदरावर पिवळं हेल्मेट. तिला ते ढिलं होत होतं, दर वेळी मान हलवली की डोळ्यांवर यायचं. ती कंटाळलेली अजिबात दिसत नव्हती. मला म्हणाली, "तुमी पैल्यांदा आलाय व्हय? बूट जरा मोटं मागून घ्या, चिखलात रुतलं तर पाय तरी निगतो."

ह्या अंबूबाई. तळ्यालगतची जमीन त्यांच्या नवऱ्याची होती. ती विकताना म्हाताऱ्याने एकच अट घातली होती, तीही तोंडी: वर्षातून तळ्यातला देवभात काढायला माझ्या बायकोला आत सोडायचं. तेव्हाचे साहेब होते त्यांनी हो म्हटलं. साहेब बदलले, म्हातारा गेला, पण अट टिकली, कारण वॉचमन सगळे गावातलेच. आज त्या नुसत्या बघायला आल्या होत्या, भात निसवायला आला का, लोंब्या बाहेर पडू लागल्या का ते.

देवभात म्हणजे रानटी भात. तो कोणी पेरत नाही, तळ्यात आपोआप उगवतो, दाणा पिकला की पाण्यात गळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ऋषिपंचमीला बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आपोआप आलेलंच खायचं, म्हणून ह्या तांदळाला एवढा मान. त्या व्रताचं मूळ कारण बायकांच्या पाळीचा विटाळ आहे, आणि ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेही मी अंबूबाईंना तिथल्या तिथे सुनावलं. वर विचारलं, "आता बैल राहिलेत कुठे? सगळी शेती ट्रॅक्टरची. मग दुकानातला तांदूळ चालायला हवा की तुम्हाला."

"ट्रॅक्टर म्हंजी तेलाचा बैलच की ओ ताई," त्या म्हणाल्या, "कष्ट त्येला न्हाईत व्हय?" मग म्हणाल्या, "माझी सासू ह्याच तळ्याचं खायची. तिची सासू बी. आता मोईकडचं तळं बुजवलं, तिकडं गोडाऊन झालं. निघोज्याकडचं तर पाइपात घातलं. ह्येच एक ऱ्हायलंय. गावातल्या समद्या म्हाताऱ्या पंचमीला माझ्याकडं येत्यात, मूठमूठ न्येत्यात. ह्ये गेलं तर मी त्यास्नी काय दिऊ?"

"बी ठेवत नाही घरात?"

"बी तळंच ठिवतं की. आमी कशाला ठिवायचं?"

आम्ही दोघी तळ्यावर गेलो आणि मला जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं. सगळ्या काठावर, पाण्यावर, वाटेपर्यंत पॅरा गवत पसरलेलं होतं. हे मूळचं आफ्रिकेतलं, नाव त्याला ब्राझीलमधल्या एका प्रांताचं, आणि चाकणला ते 'देशी पाणगवत' म्हणून रोपवाटिकेतून आणून लावलेलं. म्हशींना घालायला ठीक आहे, नदीकाठच्या तबेल्यांची निम्मी वैरण तेच असतं. पण तळ्यात सोडलं की ते बाकी कोणाला जगू देत नाही. ह्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. कापून टाकलं तर जितके तुकडे तितकी नवी रोपं. आणि कंपनीचे माळी पाहुणे यायचे म्हटलं की ते यंत्राने कापून एकसारखं करत होते आणि कापलेलं तिथेच पाण्यात ढकलत होते. पाहुणे खूश होऊन जायचे आणि गवत आणखी पुढे सरकायचं.

उत्तरेच्या कोपऱ्यात, पाणी जरा खोल होतं तिथे, देवभात उभा होता. चांगला कमरेच्या वर, कँटीनचं सांडपाणी पिऊन माजलेला, रुंद पानांचा. नुकत्याच लोंब्या बाहेर पडत होत्या. अंबूबाई काठावर उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या आणि मीही बघत राहिले. एवढ्या औद्योगिक पट्ट्यात मी हे गवत बऱ्याच वर्षांनी पाहत होते. मला आनंद झाला, आणि तो दाखवायला तिथे अंबूबाईंशिवाय कोणी लायक माणूस नव्हतं.

निरंजन आले ते चार जणांना घेऊन. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात टॅब. त्यांनी मोबाइल पॅरा गवतासमोर धरला आणि म्हणाले, "ॲप म्हणतंय बांबू."

"ॲपला विचारून झालं असेल तर इकडे बघा," मी म्हटलं आणि त्यांना दाखवलं. फुलोऱ्याची वाट बघायची गरज नाही. गवताचं पातं खोडाला जिथे मिळतं तिथे ते मागे वाकवायचं. देवभात असेल तर आत पांढरट, पातळ पडदा दिसतो, लांब आणि टोकदार, बोटाच्या पेराएवढा. पॅरा असेल तर पडदा जवळजवळ नसतोच, आखूड केसांची झालर असते. खात्री करायची तर पेरावरून बोट फिरवा. पॅराचं पेर केसाळ, देवभाताचं गुळगुळीत. पहिलीतल्या पोराला जमेल. मी एकदाच दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवायची मला सवय नाही.

मग मीटिंग झाली. त्या खोलीत एसी इतका होता की माझे दात वाजत होते. मी सांगितलं, पॅरा हाताने, मुळासकट उपटायचं, कापायचं नाही, आणि डांबरी रस्त्यावर वाळवायचं. उत्तरेच्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

"एरियाप्रमाणे सूट देता येत नाही मॅडम," निरंजन म्हणाले. "ऑडिटर विचारतो. क्रायटेरिया सगळीकडे एकच पाहिजे. आणि हे केस, पडदा वगैरे... हे बघणाऱ्यावर अवलंबून आहे. माणूस बदलला की रिझल्ट बदलतो. आमची मुलं लाइनवरची आहेत, त्यांना मोजता येईल असं काहीतरी द्या. एखादं डायमेन्शन."

मी म्हटलं, "गवत आहे ते, ब्रेकचा पॅड नाही."

"ते बरोबर आहे मॅडम. पण एखादं डायमेन्शन."

असं त्यांनी मला चार वेळा तरी ऐकवलं. प्रत्येक वेळी तितक्याच नम्रपणे. नम्र माणसाच्या अडाणीपणासारखा त्रासदायक अडाणीपणा नाही. शेवटी मी वैतागले आणि म्हटलं, "घ्या मग! पानाची रुंदी घ्या. बारा मिलिमीटरच्या वर परदेशी, खाली देशी. त्याचं छान गेज बनवा, मापाची फट पाडलेलं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात अडकवा. पान फटीत बसलं तर देशी, नाही बसलं तर हाकला आफ्रिकेत!"

निरंजन हसले नाहीत. त्यांनी टॅबवर लिहिलं आणि विचारलं, "टॉलरन्स?"

"अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे," मी म्हटलं.

तेही त्यांनी लिहिलं. "रविवारी सगळे एम्प्लॉयी मिळून गवत काढायचा ड्राइव्ह करणार आहेत. तुम्ही याल ना?"

"असल्या जत्रांना मी जात नाही," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

घरी येईपर्यंत मी हसत होते. रात्री बहिणीला फोन करून सगळं साभिनय सांगितलं, 'टॉलरन्स?' हा शब्द तर निरंजनच्या आवाजात म्हणून दाखवला. ती खो खो हसली. आम्ही दोघींनी मिळून त्या माणसाची मापं काढली. मला खरंच वाटत होतं की हे लोक करणार काही नाहीत. टीशर्ट छापतील, बाजूला उभे राहून फोटो काढतील, वडापाव खाऊन घरी जातील. ह्या पट्ट्यात रविवारचं पर्यावरण इतपतच असतं.

रविवारी दुपारी निरंजनचा फोटो आला. हिरव्या टीशर्टमधले लोक तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते, ओळीने, लाइनवर उभे राहतात तसे. प्रत्येकाच्या गळ्यात निळ्या दोरीला काहीतरी अडकवलेलं होतं. मी फोटो मोठा केला. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन, वर कंपनीचा लोगो, खाली फट, आणि फटीच्या शेजारी लिहिलेलं: १२ ± ०.५.

निरंजनना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग खाली जाऊन रिक्षा पकडली. रिक्षावाला चाकण म्हटल्यावर कुरकुरला, त्याला मी इतकं झापलं की पुढे तो एक अक्षर बोलला नाही. भोसरीला पूल तुंबलेला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा, हे लोक नेहमीप्रमाणे कामचुकार निघू देत, अशी प्रार्थना केली.

पण ते कामचुकार नव्हते. लाइनवर दिवसाकाठी हजारो नग तपासणारे हात होते ते, आणि गेज दिल्यावर ते थांबत नाहीत. तळ्याकाठच्या डांबरी रस्त्यावर उपटलेल्या गवताची लांबलचक रास पडली होती. मुळासकट उपटलेलं, व्यवस्थित पसरून वाळत घातलेलं. माझ्या दोन सूचना त्यांनी तंतोतंत पाळल्या होत्या.

उत्तरेचा कोपरा मोकळा होता. नुसतं गढूळ पाणी.

तिथे एक तरुण हात धूत होता. अजिम नाव, फायनल इन्स्पेक्शनला असतो, हे त्यानेच सांगितलं. "मॅडम, हा कॉर्नर आमच्या टीमचा. इथलं सगळंच रिजेक्ट निघालं. पान जाड होतं ना, एक पीस बसला नाही. बाकीच्यांच्या एरियात बारीक पानाचं पुष्कळ पास झालं, ते ठेवलंय."

"तू एकदा तरी पातं वाकवून आत बघितलंस का?"

"गेज दिल्यावर बघायचं नसतं मॅडम," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "बघत बसलो तर आमच्यावरच पॉइंट येतो, चूक आमची धरतात."

त्याच्यावर मी काय ओरडणार? त्याने त्याचं काम चोख केलं होतं. बारीक पानाचं जे पास झालं होतं ते पॅराचेच कोवळे फुटवे होते. तेवढे तळ्यात शिल्लक होते, शिवाय तुटलेली पेरं चिखलात तुडवली गेली होती. महिनाभरात त्यांनी सगळं तळं झाकलं असतं.

मी राशीपाशी बसले. एक काडी उचलली, पातं मागे वाकवलं. आत लांब, टोकदार, पांढरा पडदा. दुसरी उचलली. तोच. लोंबीतला दाणा नखाने दाबला तर दूध बाहेर आलं. अजून भरला नव्हता, अजून पंधरवडा तरी हवा होता. दुधातला दाणा वाळून नुसतं फोल होतं, तो रुजत नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. हिरव्या टीशर्टवाले बाजूने जाताना आवाज बारीक करत होते.

निरंजन धावत आले. "मॅडम! फोन सायलेंटवर होता, सॉरी. बघा, तुमच्या क्रायटेरियाने किती सोपं झालं."

"ती चेष्टा होती!" मी ओरडले. "चेष्टा होती ती, निरंजन!"

ते गोंधळले. खरोखर गोंधळले, माझ्या लक्षात आलं. "पण मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुम्ही एक्स्पर्ट आहात. मी तुम्हाला टॉलरन्ससुद्धा विचारला."

त्या माणसाला मी मूर्ख समजत होते, अजूनही समजते. पण त्या मूर्खाने मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

अंबूबाईंना मीच सांगितलं. ते वॉचमनवर सोपवायला जीव धजला नाही. त्यांच्या घरी गेले तर त्या टोपली सारवत बसल्या होत्या. देवभात काढताना टोपली लोंब्यांवरून फिरवतात, पिकलेला दाणा आपोआप आत गळतो, भेगा असल्या तर वाया जातो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गेज काय असतं तेही सांगितलं. त्यांचा हात टोपलीवर तसाच राहिला.

"कोनाला बी वळखू आलं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"मला येत होतं. मी गेले नाही."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपलीतली एक भेग बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "चिखलात बी असंल की ताई. दरसाली निम्मं तर गळतंच. समदं काय एका सालात उगवत न्हाई."

हे खरं होतं. गवताचं सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, काही चिखलात पडून राहतं. पण पॅराची गादी वर पसरली तर खालच्या कोंबाला उजेड मिळत नाही. पॅरा काढत राहायला हवं होतं, हाताने, पातं न् पातं वाकवून, पुढचा सगळा पावसाळा. ते ओळखणारं माणूस एकच होतं आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं. मी अंबूबाईंना म्हटलं, "मी येऊन काढते. दर आठवड्याला. तुम्ही काठावर बसा, मी चिखलात उतरते."

"मग येईल?"

"काढलं तर येईल."

त्यांनी टोपली पुन्हा सारवायला घेतली.

ऑडिट होईपर्यंत तळ्याकडे कोणालाच फिरकू दिलं नाही, म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी मिळून कंपनीत गेलो. मी निरंजनना आधी फोन करून भेट मागितली होती, आवाजात साखर घोळून. असा आवाज मी माझ्या प्राचार्यांसाठीही कधी काढला नव्हता. गेटवर वॉचमनने मला पास दिला आणि अंबूबाईंकडे बघून खाली मान घातली. "आजी, तुमचा न्हाई निघाला. आता तकडं कोनाला सोडायचं न्हाई म्हनलेत."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्या जात्यात न्हवं. मी हितं बसते."

आत मीटिंगच्या खोलीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मला काही कळेना. निरंजननी खुर्ची पुढे केली. हेड ऑफिसचा ऑडिटर येऊन गेला होता. त्याने गळ्यात गेज घालून स्वतः तळ्याकाठची पानं तपासली होती आणि एकही पान नापास झालं नव्हतं. कोवळं पॅरा ते, नापास कशाला होतंय! तळं शंभर टक्के देशी ठरलं होतं. कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांनाही आता ही गेज पाठवणार होते. मला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि रिबिन बांधलेली एक कुंडी हातात ठेवली.

"आपल्याच वेटलँडमधलं आहे मॅडम," निरंजन म्हणाले. "आठवण म्हणून."

मी कुंडीतल्या गवताकडे बघितलं. पेरावर दाट पांढरे केस. पातं वाकवून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

मी शांतपणे बोलले. शक्य तितकं शांतपणे. तळ्यात जे उरलंय ते परदेशी आहे, ते मला हाताने काढू द्या, फुकट काढते, दर आठवड्याला येईन, तुमचा व्हिडिओ बघेन, तुमचं हेल्मेट घालेन. मी हात जोडले. आयुष्यभर ज्या जातीच्या माणसांना मी नाक मुरडलं, त्यांच्यातल्या एकापुढे मी हात जोडून उभी होते.

निरंजनना वाईट वाटलं. मला ते दिसत होतं, तो माणूस दुष्ट नव्हता. "मॅडम, आता नाही जमणार," ते म्हणाले. "ते क्षेत्र पास झालंय. संरक्षित आहे. तिथलं एक पान जरी उपटलं तरी मला वर उत्तर द्यावं लागेल. तुमच्यासाठी म्हणून केलं असतं, पण ते आता देशी आहे."

खिडकीतून तळ्याकाठची नवी पाटी दिसत होती. 'देशी गवत संवर्धन क्षेत्र. आत जाऊ नये. गवत उपटणाऱ्यावर कारवाई केली जाईल.' पाटीच्या मागे पॅरा हिरवंगार डोलत होतं, उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेलं.

मी बाहेर आले. शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ पर्समध्ये मावत नव्हता, आणि कुंडी कुठे ठेवावी ते सुचलं नाही म्हणून ती दोन्ही हातांत तशीच राहिली होती. अंबूबाई गेटच्या बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लांबचं त्यांना धूसर दिसतं. मी येतेय हे कळल्यावर त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. माझ्या हातातली कुंडी आणि तिच्यातली हिरवी पाती त्यांना दिसली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की माझे पाय जागच्या जागी थांबले.

"घावलं व्हय?" त्या दोन्ही हात पुढे करत म्हणाल्या. "एक तरी घावलं ना?"

"न्हाई," मी म्हटलं. "अंबूबाई, न्हाई. हे ते नव्हे."